साइजोत न चाखलेली साके

जपानहून येऊन आता तीन महिने होत आले. भेटेल तो विचारतो, बुलेट ट्रेन कशी होती, थंडी किती होती, शाकाहारी माणसाचं तिथं भागतं का. मी सांगतो. ट्रेन इतकी सरळ जाते की पेल्यातला चहा हिंदकळत नाही. फेब्रुवारीतली थंडी आपल्या ग्वाल्हेरच्या जानेवारीपेक्षा फार वेगळी नाही. आणि भागतं, पण भाताच्या जिवावर. साइजो नावाच्या गावी आम्ही एक दिवस गेलो होतो, ते मात्र मी आजवर कोणाला सांगितलं नाही. तेच इथं लिहितो आहे.

आधी थोडं माझ्याबद्दल. मी ग्वाल्हेरच्या लश्कर भागात, जयेंद्रगंजात राहतो. आमचे पूर्वज दरबारचे पुरोहित म्हणून दक्षिणेतून इकडे आले. मी शाळेत तीस वर्षं रसायनशास्त्र शिकवलं आणि तेवढीच वर्षं शाळेचा व्यसनमुक्तीचा कार्यक्रम चालवला. दर गांधीजयंतीला नववी-दहावीची मुलं रांगेत उभी करायची, उजवा हात पुढे करायला लावायचा आणि दारूला शिवणार नाही अशी शपथ द्यायची. आमच्या लश्कर भागात आज चाळिशीत असलेले निम्मे मराठी पुरुष माझ्यापुढे हात करून उभे राहिलेले आहेत.

आणि माझी एकुलती एक मुलगी, मुक्ता, जपानात दारू बनवते.

ती सूक्ष्मजीवशास्त्र शिकली, शिष्यवृत्तीवर तिकडे गेली, आणि शिक्षण संपल्यावर साइजोतल्या एका जुन्या साकेघरात नोकरीला लागली. साके म्हणजे तांदळापासून आंबवून केलेली जपानी दारू. याला सहा वर्षं झाली. इथं कोणी विचारलं, की मी म्हणायचो, "तांदळावर काम करते." खोटं नव्हतं ते. भात शिजवल्यावर त्याचं पुढं काय होतं, एवढंच मी सांगत नसे.

हिरोशिमा

मुक्ता आम्हाला हिरोशिमाच्या स्टेशनावर घ्यायला आली होती. तिनं आईला मिठी मारली आणि त्या चकचकीत फलाटावर वाकून माझ्या पाया पडली. आजूबाजूच्या जपानी लोकांनी नजर नम्रपणे दुसरीकडे वळवली. तिचे हात मी हातात घेतले तेव्हा मला आश्चर्य वाटलं. तळवे माझ्या आईच्या तळव्यांसारखे मऊ लागत होते, पण बोटांच्या पेरांवर भाजल्याचे लहान लहान डाग होते.

"गरम भात पसरावा लागतो ना, हातांनी," ती म्हणाली. "अब आदत हो गई."

शैलानं, म्हणजे माझ्या बायकोनं, तिच्यासाठी तीन डबे गजक नेली होती. मुक्तानं एक डबा तिथंच बाकावर उघडला आणि तिळाची कुरकुरीत वडी तोंडात टाकून डोळे मिटले. रात्री आम्हाला हॉटेलात सोडून ती साइजोला परत गेली, कारण थंडीत साकेचा हंगाम असतो आणि पहाटे भात वाफवायला उभं राहावं लागतं. दुसऱ्या दिवशी परदेशी पाहुण्यांसाठी साके चाखण्याचा कार्यक्रम होता. तो मुक्ताच इंग्रजीतून चालवते. त्यात तिनं आमची दोन नावं घातली होती.

"बाबा, तुम्ही पिऊ नका. बस, बघायला या," ती म्हणाली होती. "मी काय करते ते एकदा बघा तरी."

त्या रात्री तिनं फोनवर लांबलचक मेसेज पाठवला. मी पहिल्या चार ओळी वाचल्या. किती वाजताची गाडी, कुठल्या दारानं बाहेर पडायचं, पाण्याची रिकामी बाटली बरोबर आणा, साकेघराबाहेरच्या विहिरीचं पाणी भरून घेता येतं. पुढचं उद्या गाडीत वाचू म्हणून मी फोन ठेवून दिला.

सकाळी न्याहारीला मांडून ठेवलेल्या पदार्थांत मला शाकाहारी म्हणता येईल असं एकच दिसलं. वाटीतले आंबवलेले सोयाबीन. त्याला नात्तो म्हणतात. मटकी मोड येऊन येऊन चिकट झाली तर जशी तार सुटते, तशी त्याला हातभर तार येत होती. शैलानं वास घेऊन वाटी लांब सरकवली.

"ओले मोजे," ती म्हणाली.

मी मात्र, आलोच आहोत तर खाऊन बघू, म्हणून दोन वाट्या भाताबरोबर संपवल्या. चव वाईट नव्हती.

साइजो

साइजो हिरोशिमापासून पाऊण तासावर आहे. स्टेशनाबाहेर पडलं की विटांची उंच चौकोनी धुराडी दिसतात, खाली पांढऱ्या भिंतींची कौलारू साकेघरं, एकाला एक लागून. गल्लीत वाफवलेल्या भाताचा वास भरलेला होता. डबऱ्याचा काळीमूछ तांदूळ शिजत असला की आमच्या घरात जसा सुगंध पसरतो, तसा नव्हे. हा जाडसर, गोडसर, थोडासा केळ्यासारखा. एका विहिरीपाशी म्हाताऱ्या बायका प्लॅस्टिकचे कॅन घेऊन शांतपणे रांगेत उभ्या होत्या. आपल्याकडे नळावर जो आवाज असतो त्यातला एक शब्द नाही.

मुक्ता दारात उभी होती. अंगात निळा डगला, डोक्याला पांढरं फडकं. आमच्याबरोबर आणखी आठ जण होते. चार ऑस्ट्रेलियन, दोन जर्मन आणि एक भारतीय जोडपं. ती माझ्याजवळ आली आणि हळूच म्हणाली, "बाबा, सगळ्यांना ओळख करून देऊ?"

"नको," मी म्हणालो. "कामाच्या जागी कशाला उगीच."

तिनं मान हलवली. मग सगळ्यांना इंग्रजीत विचारलं, "आज सकाळी कोणी नात्तो खाल्लाय का?"

मी हात वर केला. एकटाच.

झालं असं, की साकेचं सगळं रहस्य कोजीत आहे. कोजी ही एक बुरशी. वाफवलेल्या तांदळावर तिचं पीठ भुरभुरतात आणि दोन दिवस उबदार खोलीत ठेवतात. आपण विरजण लावतो तसं, पण हे विरजण फार नाजूक. नात्तोतले जिवाणू माणसाच्या हातातोंडावाटे त्या खोलीत शिरले तर सगळा माल नासतो. साकेघरात काम करणारी माणसं अख्खा हंगाम नात्तोला शिवत नाहीत.

"मेसेजमध्ये लिहिलं होतं ना, बाबा," मुक्ता दबक्या आवाजात म्हणाली. तिचा चेहरा पडला होता. "ठळक अक्षरांत. वाचलाच नाही का तुम्ही?"

"अर्धा वाचला."

"कोजीची खोलीच तर दाखवायची होती तुम्हाला."

ती बाकीच्यांना घेऊन आत गेली. शैलाही गेली. मी चाखण्याच्या दालनात बसून राहिलो, एका लांब लाकडी टेबलापाशी. माझ्याबरोबर त्या भारतीय जोडप्यातल्या बाई थांबल्या, कारण आत जिने होते आणि त्यांचे गुडघे दुखत होते. त्यांचे पती आत गेले होते. बाई मराठी निघाल्या. इंदूरच्या, नाव कुंदाताई.

"तुम्ही कुठले?" त्यांनी विचारलं.

"ग्वाल्हेर."

"अगंबाई! ग्वाल्हेरला माझी मावसबहीण असते, माधवगंजात. विजया. तिचे दोन्ही मुलगे तिथंच शिकले."

विजयाताई माझ्या चांगल्या ओळखीच्या. शैलाच्या भजनी मंडळातल्या. त्यांचे दोन्ही मुलगे माझे विद्यार्थी. जपानातल्या एका कोपऱ्यातल्या गावात, दारूच्या दुकानात बसून मला माधवगंज भेटलं होतं.

"ती गाइड मुलगी तुमच्या मिसेसशी मराठीत बोलत होती," कुंदाताई म्हणाल्या. "गोड आहे हो. तुमच्या नात्यातली का?"

मला सांगता आलं असतं तर सांगितलं असतं की मी विचारात पडलो, मनात काही झगडलं. तसं काही झालं नाही. उत्तर तयार असल्यासारखं बाहेर आलं.

"नाही. ओळखीच्यांची मुलगी आहे."

पाठीमागचं सरकतं दार उघडं होतं. मी वळलो तेव्हा मुक्ता हातात तबक घेऊन उभी होती. तबकात पांढरे छोटे पेले, प्रत्येकाच्या तळाशी दोन निळी वर्तुळं. ती किती वेळ तिथं होती ते मला माहीत नाही. तिनं तबक टेबलावर ठेवलं. एकही पेला वाजला नाही.

"नमस्कार, काकू," ती कुंदाताईंना म्हणाली, आणि पेले मांडू लागली.

बाकीचे आले आणि कार्यक्रम सुरू झाला. मी आयुष्यात पुष्कळ शिक्षक पाहिले, स्वतः शिक्षक होतो. मुक्ता माझ्यापेक्षा चांगली शिकवते. तिनं आधी तांदूळ दाखवले. एका वाटीत साधे, दुसऱ्यात घासून घासून निम्मे उरलेले, मोत्यासारखे. दाण्याचा वरचा भाग जितका काढाल तितकी साके निर्मळ, ती म्हणाली. पेल्यातली निळी वर्तुळं कशाला, तर त्यांच्यावर साके ओतून ती किती नितळ आहे ते बघायला. आधी डोळ्यांनी बघा, मग नाकानं, मग थोडीशी जिभेवर फिरवा. मधे मधे पाणी प्या. थुंकायचं असेल तर हे भांडं, त्यात कमीपणा नाही. आणि एक रीत लक्षात ठेवा. इथं कोणी स्वतःचा पेला स्वतः भरत नाही. शेजाऱ्याचा आपण भरायचा, आपला शेजारी भरतो.

"पंगतीसारखंच," शैला म्हणाली. "हातानं वाढून घेत नाहीत."

मुक्ता हसली. मग माझ्याकडे आली.

"काका, तुमच्यासाठी अमाझाके आणू?" तिनं विचारलं. "तांदळाचंच असतं, गोड, दारू नसते त्यात."

शैलाला वाटलं, लेक गंमत करते आहे. ती मोठ्यानं हसली. मी म्हणालो, "आण."

अमाझाके पातळ खिरीसारखं होतं. मी ते चमच्यानं खात बसलो आणि बाकीचे पाच तऱ्हेची साके चाखत होते. जर्मन माणूस वहीत टिपून घेत होता. शैलानं आयुष्यात पहिल्यांदा ओठाला दारू लावली. पहिल्या पेल्याला तिनं तोंड वाकडं केलं. दुसऱ्याला म्हणाली, "मुक्ता, याला पिकल्या पेरूचा वास येतोय गं." मुक्ताचे डोळे चमकले. तिनं ते इंग्रजीत सगळ्यांना सांगितलं. इथले लोक याला खरबूज म्हणतात, पण पेरू अधिक बरोबर आहे, मी वहीत लिहून ठेवणार, ती म्हणाली. तिसरी साके कोमट करून दिली. कुंदाताईसुद्धा दोन घोट घेऊन खुशीत आल्या होत्या. त्या टेबलावर कोणी झिंगलं नाही, कोणी आवाज चढवला नाही. तीस वर्षं मी मुलांना ज्या गोष्टीचं चित्र काढून दाखवत होतो, ती ही नव्हती. हे मला तिथंच कळत होतं आणि तरी मी तोंड बंद ठेवून खीर खात होतो.

शेवटी आतून एक म्हातारे गृहस्थ आले. पाठीत किंचित वाकलेले, हात मुक्तासारखेच मऊ आणि डागाळलेले. साकेघराचे मुख्य कारागीर, मुक्ताचे गुरू. ते थेट माझ्यासमोर येऊन थांबले आणि कमरेतून वाकले, इतके की त्यांच्या विरळ केसांतलं टक्कल मला दिसलं. मग ते बोलू लागले. बराच वेळ बोलले. मला जपानी येत नाही, पण निघण्यापूर्वी दहा शब्द पाठ केले होते. त्यांतला एक त्यांच्या बोलण्यात दोनदा आला. ओतोसान. बाबा.

सगळे मुक्ताकडे बघत होते, आता ती भाषांतर करेल म्हणून. कुंदाताईही बघत होत्या.

मुक्तानं क्षणभर कुंदाताईंकडे, मग माझ्याकडे पाहिलं. "ते म्हणतात," ती इंग्रजीत म्हणाली, "इतक्या लांबून आल्याबद्दल सर्वांचे आभार."

म्हाताऱ्यांनी डगल्यातून एक छोटी बाटली काढली आणि दोन्ही हातांनी माझ्या हातात दिली. मग मुक्तासमोर एक रिकामा पेला ठेवला. माझ्याकडे बघून हसले आणि हातानं खूण केली. भरा.

मी बाटली धरून उभा होतो. कुंदाताई बघत होत्या. मला दिसत होतं ते माझ्या शाळेचं मैदान आणि रांगेतले हात. बापानं मुलीच्या पेल्यात दारू ओतायची, आणि ते माधवगंजात सांगितलं जायचं. किती वेळ गेला कोण जाणे. मी बाटली टेबलावर ठेवली.

म्हाताऱ्यांचं हसू हळूहळू मावळलं. आपलं काही चुकलं का, अशा नजरेनं त्यांनी मुक्ताकडे पाहिलं. तेवढ्यात शैलानं बाटली उचलली. तिला काही माहीत नव्हतं, पण आईला जेवढं कळायचं तेवढं कळलं होतं. तिनं डाव्या हाताचा आधार देऊन, तूप वाढावं तशी बारीक धार धरून पेला काठोकाठ भरला. मुक्तानं तो दोन्ही हातांनी उचलला, गुरूंकडे बघून मान लववली, आणि एका दमात प्याली.

परतीची गाडी

मुक्ताला संध्याकाळचं काम होतं. ती स्टेशनापर्यंत आली. विहिरीचं पाणी भरून घेतलेली बाटली तिनं आईच्या पिशवीत ठेवली, आणि आम्ही चढल्यावर फलाटावरून हात हलवला.

"काका काय म्हणत होती ती तुम्हाला?" गाडी सुटल्यावर शैलानं विचारलं. "मला आधी थट्टा वाटली. काय झालं?"

मी सांगितलं. तिनं हात पुढे करून माझा फोन मागितला, कालचा मेसेज काढला आणि नात्तोच्या पुढचं मला वाचून दाखवलं. दोन-तीन बाकांपर्यंत ऐकू जावं एवढ्या आवाजात. मराठी कोणाला कळणार नव्हतं म्हणा.

"बाबा, या वर्षी कोजीची खोली माझ्याकडे दिली आहे. इथं बाहेरच्या माणसाला अजून कधी दिली नव्हती. पहिली बाटली कालच भरली. इथं असं करतात, की पहिल्या बाटलीतला पहिला पेला आईबाबा भरून देतात. सेन्सेईंनी, म्हणजे माझ्या गुरुजींनी, तुमच्यासाठी ती ठेवली आहे. तुम्हाला नको वाटत असेल तर खरंच सांगा, मी त्यांना आधीच समजावून सांगेन, ते वाईट मानणार नाहीत. बस, आज रात्री सांगून द्या."

शैलानं फोन माझ्या मांडीवर ठेवला आणि हिरोशिमा येईपर्यंत खिडकीबाहेर बघत बसली.

पुढचे चार दिवस आम्ही क्योतो पाहिलं. देवळं सुंदर होती, असं फोटोंवरून दिसतं. परतीच्या दिवशी मुक्ता ओसाकाच्या विमानतळावर आली, हसत बोलत होती, आईला औषधांची आठवण करून देत होती. तिच्यात काही बदललेलं नव्हतं, फक्त ती मला कशाचाच आग्रह करत नव्हती. सुरक्षा तपासणीच्या रांगेपाशी मी तिला विचारलं, "त्या दिवशी तुझे गुरुजी मला काय म्हणत होते गं?"

"कब?"

"बाटली देण्याआधी. बराच वेळ बोलले."

"अब याद नहीं, बाबा," ती म्हणाली. "इतकं कुठं लक्षात राहतं."

तिच्या लक्षात होतं. कोणी कुठल्या वर्षी काय बोललं हे तिला लहानपणापासून शब्दशः आठवतं.

माधवगंज

गेल्या आठवड्यात मी विजयाताईंकडे गेलो. शैलाला सांगितलं नाही. इंदरगंजच्या चौकातून चालत जाताना दोनदा परत फिरावंसं वाटलं. मे महिन्याचं ऊन होतं. विजयाताई ओसरीवर लोणच्यासाठी कैऱ्या फोडत बसल्या होत्या.

"या सर," त्या म्हणाल्या. "अशा उन्हात?"

"एक गोष्ट सांगायची होती. तुमची इंदूरची बहीण, कुंदाताई, आम्हाला जपानात भेटल्या होत्या."

"हो, सांगितलं तिनं."

"त्यांनी मला विचारलं होतं की ती गाइड मुलगी कोण. मी म्हणालो ओळखीच्यांची. ती मुक्ता होती, माझी मुलगी. ती तिथं साके बनवते. साके म्हणजे दारू."

विजयाताईंनी विळी बाजूला सरकवली आणि पदराला हात पुसले.

"सर, कुंदानं मला तिथूनच फोटो पाठवला होता," त्या म्हणाल्या. "या ग्वाल्हेरच्या मंडळींना ओळखतेस का, म्हणून. मी म्हटलं, हो, आमचे सर, आणि ती त्यांची मुक्ता."

"तुम्हाला माहीत होतं?"

"सगळ्यांनाच माहीत आहे. तिचा बाटली धरलेला फोटो इंटरनेटवर आहे, आमच्या नातीनं दोन वर्षांपूर्वीच दाखवला. कौतुकच वाटलं आम्हाला. तुम्ही तांदूळ म्हणता, म्हणून आम्हीही तांदूळच म्हणतो." त्या थांबल्या. "कुंदानं नंतर फोन केला. म्हणाली, अगं, पण वडील तर नाही म्हणाले. मी विषयच बदलला."

त्यांनी पाणी आणून दिलं. मी प्यालो आणि उठलो.

घरी येऊन मुक्ताला फोन लावला. तिच्याकडे संध्याकाळ झाली होती. हंगाम संपला होता आणि ती लाकडी परड्या धूत होती. पाण्याचा आवाज येत होता.

"मी आत्ता विजयाताईंकडे जाऊन आलो," मी म्हणालो. "त्यांना सांगितलं."

"क्या सांगितलं?"

"की तू माझी मुलगी आहेस."

पलीकडचं पाणी बंद झालं.

"बाबा, विजयाकाकूंना ते माहीतच आहे," ती म्हणाली. "उन्हें तो कब से पता है."

"हो. त्याही तसंच म्हणाल्या."

ती काही बोलेल म्हणून मी थांबलो. तीही थांबली होती, बहुधा मी काही बोलेन म्हणून.

"मला उस दिन ऐकायचं होतं, बाबा," ती शेवटी म्हणाली. आवाजात राग नव्हता. "तिथं." आणि मग, "आईला द्या ना फोन."

मी फोन तिच्या आईकडे दिला.